व्याह्यांनी दिलेला बेरपत्थर

माझे सासरे पंचवटीत वैद्यकी करायचे. नव्वदच्या दशकात भूशास्त्रात एम.एस्सी. करून मी त्या घरात सून म्हणून गेले, तेव्हा माझ्या पदवीचा त्यांना एकच उपयोग दिसला: औषधाला आणलेले दगड पारखायचे. अभ्रक, गोदंती, बेरपत्थर, काय येईल ते भिंगाखाली धरायचं आणि सांगायचं, हा ठेवा, हा फेका. खोटं कशाला बोलू, मला मिरवायला आवडायचं.

त्याच वर्षी सिन्नरला माझ्या आईला मुतखडा निघाला. सासरे म्हणाले, "विहीणबाईंना बेरपत्थराचं भस्म देतो." बेरपत्थर म्हणजे समुद्रातल्या एका प्राण्याचा काटा, लाखो वर्षांत दगड झालेला, दिसायला सुक्या बोरासारखा. पहिला माल मी परत पाठवला; त्यावर कानशीचे ओरखडे होते, म्हणजे साधा दगड घासून केलेली नक्कल. दुसऱ्यातला एक फोडला, तर आत खडीसाखरेसारखा चकाकला. "अस्सल आहे," मी ऐटीत सांगितलं. सासऱ्यांनी तो मुळ्याच्या रसात खलला, गोवऱ्यांत भाजला आणि पुड्या बांधून दिल्या.

जळलं मेलं माझं शहाणपण! दगड अस्सल होता. पण त्यानं आईचा खडा जाईल का, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. हा निव्वळ चुनखडीचा प्रकार, हे तर मला पाठ होतं.

आई सहा महिने पुड्या खात राहिली. कळ आली की पदराचा बोळा तोंडात धरून बसायची. "दवाखान्यात चल" म्हटलं की उसळायची, "येडी का काय तू! इवायांचं औषद मधीच सोडलं तर तुला त्या घरात काय किंमत राहील? आन् तूच तपासलं ना?" मला तिची चीड यायची, आणि त्याहून माझी. तरी सासऱ्यांपुढे शब्द काढायची माझी छाती झाली नाही.

शेवटी ती तापानं फणफणली, तेव्हा तिला नाशिकला मोठ्या दवाखान्यात आणलं. उजवी किडनी गेली होती, काढावीच लागणार होती. सासरेही आले आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, दुखतंय कधीपासून? काही औषध चालू होतं?"

आईनं आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आठ दिस झाले असतील," ती म्हणाली. "औषद काय नाय घेतलं."

डॉक्टर भडकले. "आठ दिवसांत किडनी अशी होत नाही. खोटं बोलू नका."

आईनं मान खाली घातली. पुड्यांचं नाव ना सासऱ्यांनी काढलं, ना मी.