शुक्रवारचा रकाना

पुण्यात मी जे काम करायचे, त्याबद्दल सासूबाई चारचौघांत "समाजसेवा करते" एवढंच सांगत. लहान मुलांवर लैंगिक अत्याचार करून तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांच्या लोकांना मी शिकवायचे. मस्कतला आल्यावर ते सुटलं.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. "वहिनी, तासाभराचं प्रशिक्षण घ्या ना. मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श वगैरे."

"मुलांना कशाला? मोठ्यांनाच शिकवते," मी म्हटलं.

कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्या दोन वर्षं आधी गणपतीतलं नाटक बसवणाऱ्या गृहस्थाने चौदा वर्षांच्या एका मुलीला नको ते मेसेज पाठवले होते, गाडीत अंगाला हात लावला होता. पोलिसांत कुणी गेलं नाही. व्हिसा, नोकरी, मुलीचं नाव, असं म्हणत मंडळानेच घरच्यांना थांबवलं. त्याने माफी मागितली, विषय खलास. ती मुलगी पुन्हा तालमीला फिरकली नाही. आता तिला पुन्हा नाटकात यायचं होतं, आणि नाटक परत तोच बसवणार होता.

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका सभासदाच्या हॉलमध्ये मंडळाचे नऊ जण जमले. मी पुण्यात वापरायचे तोच तक्ता काढला. त्या माणसाचा आठवडा. कुठल्या वारी तो कुठे असतो, तिथे मुलं असतात का, आणि त्याला बघणारं कोण.

"आपण काय पोलीस आहोत?" एकाने विचारलं.

"पोलिसांत तुम्ही जाऊ दिलं नाहीत. मग आता बघा."

"त्यापेक्षा हाकलून द्या की त्याला."

"म्हणजे दुसऱ्या मंडळात जाऊन तो पुन्हा सगळ्यांचा काका होईल. काका म्हटलं की आपण डोळे मिटून पोरं गाडीत बसवतो."

शुक्रवारचा, म्हणजे इथल्या सुट्टीचा नि तालमीचा रकाना आला. लांबच्या अल खौद भागातल्या मुलांना तालमीला आणतं कोण? शेवटी अध्यक्ष म्हणाले, "त्यांचीच सात सीटची गाडी आहे. मुलांना आणणाऱ्यांच्या यादीत नाव मीच घातलं."

माझं डोकंच फिरलं. पण तक्ता पुरा केला. तालीम नाही, लिफ्ट नाही, मुलांना मेसेज नाही. आरतीला यायचं तर बायकोबरोबर, आणि दोघांनी नजर ठेवायची. मुलीच्या घरच्यांना आजही पोलिसांत जायचं असेल, तर मी सोबत जाणार.

"पण त्याला सांगणार कोण? बदनामीची केस ठोकेल, वहिनी."

सगळे चहाच्या कपात बघत होते.

"ठोकू दे. वाईटपणा मी घेते," म्हणत मी सगळ्यांसमोर फोन लावला.

"वहिनी, मी बदललोय हो," तो म्हणाला.

"चांगलं झालं. मग हे पाळायला जड जाणार नाही."

त्याने फोन आपटला. पण यादीतलं नाव अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने खोडलं.

पुढच्या शुक्रवारी त्या मुलीला आणायला मीच गेले. ती पुढे, माझ्या शेजारी बसली. अडखळत्या मराठीत म्हणाली, "आंटी, तेव्हा तुम्ही इथे नव्हता ना?"

हो म्हणणं सोपं होतं.

"होते," मी म्हटलं. "मला कळलंही होतं. नवऱ्याची नोकरी नवी होती. मी गप्प बसले."

ती पट्टा लावून खिडकीकडे तोंड फिरवून बसली, ती थेट तालमीचं घर येईपर्यंत. माझ्यावर रागवायचा तिला हक्कच होता.