बावचीचं तेल आणि सहा मिनिटं

नीलिमा सबनीसने रक्त काढायची नोकरी धरली ती हातमोज्यांसाठी. लोकांना ती सांगते की मायक्रोबायॉलॉजी केलं होतं म्हणून. साफ खोटं. सिडनीला आल्या आल्या तिला एका बँकेत काउंटरवरची नोकरी मिळत होती. तीही बरी होती, पण काउंटरवर दहाही बोटं लोकांच्या नाकासमोर असतात. ब्लॅकटाउनच्या पॅथॉलॉजी सेंटरमध्ये आठ तास निळे हातमोजे घालायचे असतात आणि का घातलेत असं कुणी विचारत नाही. मग काय, अकरा वर्षं झाली तिला तिथे.

तिच्या बोटांवर कोड आहे. अकराव्या वर्षी करंगळीवर तांदळाएवढा ठिपका आला, आणि पुढे बोटांपासून मनगटापर्यंत दोन्ही हात दुधासारखे झाले. मग ते कोड तिथेच थांबलं. लग्न ठरताना तिने विश्रामसमोर हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "हे असं आहे, नीट बघून घे." विश्रामने बघितलं आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला. तेव्हा हे सगळं जुनं झालं होतं, पचलं होतं. पण या वर्षी खालच्या ओठाच्या कडेला एक पांढरी रेघ उमटली आणि बाईचा धीरच सुटला. ओठाला कुठला हातमोजा घालणार?

त्यात स्वरदाचं लग्न ठरलं. स्वरदा म्हणजे विश्रामच्या थोरल्या भावाची मुलगी. पुण्याला सगळे एकत्र राहायचे तेव्हा हिच्या वेण्या, हिचे डबे, हिचं दुखणंखुपणं नीलिमाने केलेलं. पोरीने साखरपुड्यानंतर लगेच फोन केला होता. "काकू, पहिली हळद तुझ्या हातची हं. बाकीच्या नंतर." नीलिमा दोन दिवस हवेत होती.

तिसऱ्या दिवशी जाऊबाईंचा, म्हणजे स्वरदाच्या आईचा, फोन आला. चित्रावहिनी तशी वाईट बाई नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला शिव्या घालाल. ती आधी इकडचं तिकडचं बोलली. साड्या, हॉल, केटरर. मग म्हणाली, "अगं नीलिमा, हळद लावायला बायका खंडीभर आहेत. तू आपली रुखवतापाशी थांब. तिथे कुणीतरी घरचं माणूस हवंच. मुलाकडची मंडळी जरा जुन्या वळणाची आहेत, उगीच कुणी काही बोललं तर तुलाच वाईट वाटेल."

"बरं," नीलिमा म्हणाली. "चालेल की. काहीच प्रॉब्लेम नाही."

फोन ठेवून तिने कणीक मळायला घेतली. इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या. विश्रामने विचारलं, काय झालं, तर म्हणाली, पीठ खराब आलंय.

आता ही काही अडाणी बाई नव्हे. स्किन स्पेशालिस्टकडे तिने ओठाची रेघ दिसताच नंबर लावला होता. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. मलम, आणि आठवड्यातून तीनदा क्लिनिकमधल्या कपाटासारख्या मशीनमध्ये उभं राहून मोजूनमापून दिलेला प्रकाश. ओठाला बहुतेक गुण येईल, त्यालाही सहा महिने तरी लागतील. बोटांचं मात्र त्या स्वच्छ म्हणाल्या, "बोटं फार हट्टी असतात. तिथे रंग परत येईल असं मी सांगणार नाही." मग नर्सने डाग झाकायचं क्रीम दाखवलं. उन्हाशिवाय कातडीला सावळेपणा देणारं लोशनही दाखवलं, चार-पाच दिवस टिकणारं. त्याने इजा होत नाही, आणि कितीतरी जणी कार्यक्रमापुरतं वापरतात म्हणे.

नीलिमाने ते क्रीम घरी आणून लावलं. इतकं हुबेहूब बसलं की ती स्वतःच दचकली. पण तिने केलं काय, तर वाटीत हळद कालवली, त्यात बोटं बुडवली आणि हात धुतले. दोनदा धुतल्यावर कडा निघायला लागल्या. चाळीस बायकांच्या मधोमध, स्वरदाच्या गालावर हळद लावता लावता आपला रंग निघतोय, हे चित्र तिला इतकं लख्ख दिसलं की तिने ट्यूब कपाटात फेकली. लोशनचं तर तिने पाकीटही फोडलं नाही. म्हणाली, रंगवलेले हात नकोत, माझेच हवेत. लग्नाला दहा आठवडे होते आणि डॉक्टरीणबाई सहा महिन्यांच्या गोष्टी करत होत्या.

आणि तिथे तिला बावची आठवली. लहानपणी वैद्य तिच्या बोटांना बावचीचं तेल लावून तिला गच्चीत उन्हात बसवायचे. टरारून फोड यायचे. ती रडायची आणि वैद्यबुवा खूश व्हायचे. "फोड आले ना? म्हणजे औषध लागू पडलं." रंग काही आला नव्हता, पण एवढीशी गोष्ट माणूस सोयीस्करपणे विसरतो. बावचीचं तेल ब्लॅकटाउनच्या इंडियन दुकानात केसांच्या तेलांशेजारी मिळतं. प्रश्न फक्त प्रकाशाचा होता. तिने हिशेब मांडला, क्लिनिकमधला प्रकाश तो प्रकाशच, आणि गोऱ्या पोरी सावळं व्हायला ज्या सनबेडमध्ये झोपतात तोही प्रकाशच. सनबेडचे धंदे इथे कायद्याने कधीच बंद झालेत, का बंद झाले हेही तिला ठाऊक होतं. पण शोधणाऱ्याला सगळं सापडतं. तिलाही एका बाईचा गराज सापडला.

शनिवारी दुपारी विश्रामला ती म्हणाली की ओव्हरटाइम आहे. गाडीतच तिने हातांना आणि ओठाला तेल चोळलं.

गराजमध्ये लॉनमोअर, सायकली, आणि मधोमध ती लांबलचक पेटी. बाई गोड होती. तिने छोटे काळे गॉगल दिले, हातावर कसलं तेल आहे ते विचारलं नाही, कातडीचा काही आजार आहे का तेही विचारलं नाही. "पहिल्यांदा आहेस ना? सहा मिनिटं बास," म्हणाली आणि दार ओढून गेली.

नीलिमाने टॉवेलने अंग झाकलं, हात वर घेतले, झाकण खाली आलं. निळा उजेड, पंख्याची घरघर, आणि जळक्या धुळीचा वास. आठवड्याला तीन-चार लहान डब्या तिच्या हातून कुरियरच्या पिशवीत जातात, शेजारच्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, कॅन्सरच्या तपासणीसाठी कापलेल्या तिळांच्या. लेबलांवरची नावं तिला एकेक करून आठवायला लागली. ऊठ, ती स्वतःला म्हणाली. आत्ता ऊठ, बये. मग तिला ते रुखवताचं टेबल दिसलं आणि ती पडून राहिली. पूर्ण सहा मिनिटं.

रविवारी काहीच झालं नाही. तिला हायसं वाटलं आणि थोडा रागही आला, की एवढं करून काहीच नाही? सोमवारी बोटं लालबुंद झाली. मंगळवारी पहाटे फोड टरारले होते, बोटाबोटावर, ओठाच्या कडेलाही. आणि ही बाई आरशासमोर उभी राहून हसली. लागू पडलं, असं तिला वाटलं. मास्क लावला, मोज्यांचा मोठा साइझ घेतला आणि कामावर गेली. शनिवारची पुढची वेळ तिने ट्रेनमध्येच मेसेज करून पक्की केली.

साडेदहाला टीगन आली. तिशीची पोरगी, दर तीन आठवड्यांनी येते. मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, आहे तिला, लिंफ नोडमध्ये गेलेला. सलाइनमधून औषध घेण्याआधी प्रत्येक वेळी रक्त द्यावं लागतं. तिच्या शिरा थकल्यात, पण नीलिमाला तिच्या हातात एकदाही दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली नव्हती, म्हणून ती हिच्याकडेच येते.

नीलिमा पाणी प्यायला मास्क खाली करून उभी होती, तेवढ्यात टीगन आत आली. ती ओठावरच्या पांढऱ्या रेघेकडे बघतच राहिली.

"तुलाही?" टीगन हळूच म्हणाली. "मला माहीतच नव्हतं. कितवा डोस झाला?"

नीलिमाला कळेना. टीगनने बाही वर केली. दंडावर पांढरे डाग होते, तीन महिन्यांपूर्वी तिथे काही नव्हतं. तिच्या एका डोळ्याच्या पापण्याही पांढऱ्या झाल्या होत्या. "माझे आठव्या डोसनंतर आले. डॉक्टर म्हणाले, चांगली खूण आहे. औषध घेताना ज्यांना असे डाग येतात ते बरेचदा जास्त टिकतात. मी रोज सकाळी उठून मोजते. काल सतरावा सापडला."

"मला कॅन्सर नाही," नीलिमा म्हणाली. "माझी फक्त कातडी तशी आहे. लहानपणापासून."

"फक्त कातडी?"

"हो."

टीगनने खुर्चीत बसून हात पुढे केला. नीलिमाने पट्टा बांधला आणि शीर चाचपायला बोट टेकवलं, तर कळ थेट कोपरापर्यंत गेली. बोटाला काही म्हणजे काही कळत नव्हतं, नुसती आग होत होती. तिने अंदाजाने सुई घातली. रक्त आलं नाही. अकरा वर्षांत असं कितीदा झालं असेल ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि झालं ते नेमकं हिच्या हातावर, जिच्याकडे शिरा उरल्याच नाहीत.

"सॉरी. दुसऱ्या हातावर बघते."

"थांब," टीगन म्हणाली. "तुझ्या मोज्यात पाणी झालंय."

खरंच झालं होतं. फोड फुटून मोजा आतून ओला होता. नीलिमाने तो काढायला घेतला तर कातडी बरोबर निघायला लागली. एवढ्या वर्षांत त्या खोलीत, पेशंटसमोर, तिने कधी हात उघडे केले नव्हते. टीगनने ते बघितले आणि तिचा चेहरा उतरला.

"हे कशाने झालं?"

खोटं बोलायला नीलिमाला किती सोपं होतं. चहा सांडला, तेल उडालं. पण त्या पांढऱ्या पापण्यांखालून बघणाऱ्या पोरीला तिच्याच्याने थाप मारवेना. तिने सांगितलं. तेल, गराज, सहा मिनिटं, डिसेंबरातलं लग्न, सगळं.

टीगन सपाट आवाजात म्हणाली, "मी सतरा वर्षांची होते. तेव्हा सनबेडची दुकानं उघडी होती. शाळेच्या निरोपाच्या पार्टीसाठी आठवड्यातून तीनदा जायचे. हिरव्या ड्रेसवर पाय गोरेफटक दिसतील म्हणून. फोटोत मी मस्त दिसतेय, अजून आईच्या हॉलमध्ये लावलाय. त्यानेच झालं असं कुणी लिहून देत नाही. पण माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, सनबेड वापरायचीस का?" ती उठली. "तू शेजारी जीपीकडे जा. आत्ता. माझं रक्त थांबेल, मला घाई नाही."

पेशंटच रक्त काढणारीला दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. जीपीने हात बघितले, बावचीचं तेल म्हणजे काय ते विचारलं, फोनवर वाचलं आणि खुर्चीत मागे टेकला. "या तेलाने कातडी प्रकाशाला कित्येक पटीने नाजूक होते. त्यावर सनबेड? आणि डागांवर तर संरक्षण करणारा रंगच नाही. अजून चार मिनिटं राहिली असतीस तर मी तुला बर्न्स युनिटला पाठवलं असतं." फोड म्हणजे गुण का, असं तिने तरीही विचारलं. डॉक्टर म्हणाला, "फोड म्हणजे भाजणं. बाकी काही नाही." दोन्ही हातांना बँडेज झालं, दोन आठवडे सुट्टी. टीगनचं रक्त दुसऱ्या मुलीने काढलं. नीलिमा बाहेर आली तेव्हा ती निघून गेली होती.

विश्राम घ्यायला आला. स्कोफिल्ड्सच्या घरापर्यंत गाडीत तिने त्याला सगळं सांगितलं, वहिनींच्या फोनसकट. त्याने सिग्नलला थांबून दादाला फोन लावायला घेतला. "नको," ती म्हणाली. "माझं मी बोलते. तू फक्त नंबर लाव, माझी बोटं चालत नाहीत."

घरी येऊन त्याने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि बाजूला झाला.

"वहिनी, मी हळदीला येतेय," नीलिमा म्हणाली. "रुखवतापाशी नाही थांबणार. स्वरदाने मला सांगितलंय आणि पहिली हळद मी लावणार. याच हातांनी, रंग न लावता. नको असेल तर आत्ता सांगा, मी तिकीटच काढत नाही."

"अगं, तू चिडलीस का? मी तुझ्या भल्यासाठीच... मुलाकडच्यांना काय सांगू मी?"

"सांगा की काकूला कोड आहे आणि बाकी काकू धडधाकट आहे. मला रोज जी माणसं भेटतात ना वहिनी, त्यांना एवढं सांगता आलं तर ती पेढे वाटतील. आणि अजून एक. तुम्ही मला रुखवतापाशी बसवलंत, म्हणून मी चोरून मशीनमध्ये हात भाजून आलेय. दोन्ही हातांना बँडेज आहे. तुम्हाला हे कळायला हवं म्हणून सांगतेय. तुम्हाला वाईट वाटावं असंही वाटतंय मला. वाटू दे."

फोन कटला की काय म्हणून विश्रामने वाकून बघितलं. कटला नव्हता. चित्रावहिनी रडत होती, तोंडावर पदर धरल्यासारखं दबकं, कुणाला ऐकू जाऊ नये असं. नीलिमाने तिची समजूत काढली नाही.

"फार भाजलंय का गं?" शेवटी वहिनीने विचारलं.

"हो."

"डिसेंबरपर्यंत भरून येतील ना हात? दोन्ही हातांनी लावायची असते हळद."

"हात येतील भरून," नीलिमा म्हणाली. "रंग नाही येणार, वहिनी."

"रंगाचं मी विचारलंच नाही," चित्रावहिनी म्हणाली.