शेवटचं घर ताईचं

मुलीच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर पाठवली की काम भागतं, असं म्हणणाऱ्याने आमच्या सोयऱ्यांत एकदा राहून पाहावं. आमच्याकडे नवरा-बायकोने दारात उभं राहावं, बाईने घरच्या बाईला हळदीकुंकू लावावं, तरच ते बोलावणं. म्हणून गेल्या फाल्गुनात सकाळीच आम्ही दोघं मोटरसायकलवर निघालो. मोताळ्याजवळच्या आमच्या गावापासून देऊळगाव राजाच्या पलीकडे ताईच्या गावापर्यंत जायचं होतं, आणि मधली सगळी घरं आडरस्त्याला.

ताई माझी थोरली बहीण. आई-बाबा गेल्यावर माहेरचं वडीलधारं माणूस तीच. तिचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. इतरांकडे ताठ बसावं लागतं, बहिणीकडे पाय पसरता येतात, मुक्काम करता येतो. बायकोलाही ते पटलं होतं.

घाटात पळस फुलला होता. बायको मागून दाखवत होती, मी खड्डे पाहत होतो. बुलढाण्याच्या पुढे गहू पिवळा पडलेला, मधूनच एखादं तळं, त्यात बगळे. पाहण्यासारखं पुष्कळ होतं, पण प्रत्येक घरी चहा आणि मुलगा काय करतो हा तोच प्रश्न. दुपारपर्यंत माझी कंबर धरली. बायकोची तऱ्हा वेगळी. प्रत्येक घरची बाई उलट तिलाही कुंकू लावत होती, त्यावर रस्त्याची धूळ, त्यावर पुढच्या घरचं कुंकू.

एका लिंबाखाली डबा सोडला तेवढ्यात ताईचा फोन आला. कुठपर्यंत पोचले, तिने विचारलं. मी भोळेपणाने झालेली गावं सांगत गेलो. तिने नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. बायकोचा घास हातातच राहिला. आत्याचं बोलावणं सगळ्यांच्या आधी असतं, हे आम्हाला तेव्हा आठवलं. ताई मानापानाची पक्की. याच कारणावरून चुलतभावाच्या घरच्या लग्नाला ती गेली नव्हती. आणि आमच्या पोरीने तर केव्हाचं ठरवून ठेवलं होतं की आपल्याला हळद आत्याच लावणार.

बायको म्हणाली, उरलेली घरं सोडा, सरळ चला. पण दारावरून गेलेली गाडी लपते कुठे? तिथेही थांबलो, तिथेही चहा घेतला. खरं सांगतो, त्या प्रत्येक कपाचा मला राग येत होता. पुढे रस्ता शेतांतल्या शेडनेटच्या पांढऱ्या रांगांमधून जात होता. ऊन उतरलं होतं.

ताई ओसरीवर बसली होती. पाणी दिलं, पण पत्रिकेसाठी हात पुढे केला नाही. तिकडे राहून तिची बोली जालन्याकडची झाली आहे, राग आला की मात्र माहेरची निघते. बायकोच्या कपाळाकडे पाहत ती म्हणाली, “एवढ्या जणींचं लावून आली. माह्या कुंकवाले जागा कुठी ठेवली?”

मला इतका थकवा होता की रडू येईल असं वाटलं. बायको उठली, अंगणातल्या टाक्याशी गेली आणि खसाखसा चोळून तोंड धुतलं. सवाष्ण बाई असं कपाळ धुऊन टाकते का कधी, तेही लग्नघरची, नणंदेच्या अंगणात? ती तशीच रिकाम्या कपाळाने ताईसमोर येऊन बसली.

“लावा,” एवढंच म्हणाली.

ताई घाबरली. आत जाऊन लगबगीने करंडा घेऊन आली. घाईत निम्मं कुंकू बायकोच्या नाकावर सांडलं. असं करतात का वं, असं का केलं वं, एवढंच ती म्हणत राहिली. मग माझ्या हातातली पत्रिका घेऊन तिने देवापाशी ठेवली आणि माझ्याकडे वळली.

“कोनी पुसलं तर सांगजो, पहिलं घर बहिणीचं केलं म्हणून.”

मी ‘हाव’ म्हणालो, आणि तिथेच ओसरीवर पाय पसरले.