कापणीच्या बदल्यात अमेरिका

साखरशेतची चंद्रकला जव्हारच्या कॉलेजात शिकवायला लागली तवा गावाला वाटलं, पोरगी आता शेतात पाय ठेवायची नाय. शिकवायची काय, तर अमेरिकेचा इतिहास. लोक चिडवायचे, "बाय, आपला संपला का गं?" ती म्हणायची, "तिथं पण जंगलातली माणसं व्हती. त्यांच्या जमिनीचं काय झालं ते आपल्याला कळाया नको?"

एका वर्षी मुंबईच्या अमेरिकेचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी कळवलं, आमचे एक सर जव्हारला भाषण द्यायला येतील, कोणी पण या. हॉल भरला तर पुढच्या वर्षीचं मोठं चर्चासत्र जव्हारला, नाय भरला तर नाशिकला. चंद्रकलाचा जीव त्यातच अडकला. तिची पोरं हुशार, पण असलं ऐकायला मुंबईला कोण धाडतंय त्यांना? जव्हारलाच यायला पायजे व्हतं.

पण दिवस आला नेमका भातकापणीत. पोरं सगळी शेतावर. प्रिन्सिपल साहेब म्हणाले, "मॅडम, खुर्च्यांना ऐकवणार का?"

चंद्रकलानं रजा टाकली, पदर खोचला, इळा घेतला आन् पोशीच्या शेतात उतरली. पोशी म्हणजे शेजारची म्हातारी, जिभेची लई तिखट.

"अगं प्रोफेसरीणबाई, पगार बंद झाला काय?"

"पगार नको मावशी, दिवस पायजे. आज मी तुझ्या शेतात, भाषणाला तू माझ्या हॉलात. घरची समदी घेऊन."

आता आपल्यात हे असंच ना. कोणी आपल्या शेतात दिवस भरला, की आपण तो फेडायचा. अंगात ताप असला तरी घरातलं दुसरं माणूस धाडायचं, पण फेडायचाच. पोशीनं तिला कापायची ओळ दाखवली.

मग गावातल्या सुकऱ्याचं शेत, मग त्याच्या भावाचं, मग पल्याडच्या पाड्यातली. रोज अंधार पडेस्तोवर कापायची. हाताची सालं निघाली. आई ओरडायची, "अमेरिकेपायी मरशील!" ती हळद लावायची आन् सकाळी परत निघायची.

भाषणाच्या दिवशी जीपगाड्यांच्या टपावर पण माणसं. फडक्यात नागलीची भाकर, कडेवर पोरं. हॉल भरला, पायऱ्या भरल्या, खिडक्यांत लोक बसले. प्रिन्सिपल साहेब स्वतः सतरंज्या अंथरत व्हते!

सरांनी सोप्या मराठीत सांगितलं, तिकडं काळ्या माणसांना बांधून आणलं, विकलं, कापसाच्या शेतात राबवलं. सुकऱ्या उठून म्हणाला, "मग ती पळाली का नाय, सायेब?"

"पळाली ना! रानातून, चांदण्या बघून."

"शाब्बास!" सुकऱ्या असा ओरडला, की समदा हॉल हसला.

दुपारी भाषण संपलं, आभार झाले, टाळ्या झाल्या. कोणी हलेना. प्रिन्सिपल साहेब म्हणाले, "संपलं हो. घरी जा आता."

पोशी बसल्या जागेवरून म्हणाली, "संपलं कसं? ऊन अजून डोक्यावर हाय. या पोरीनं अंधारापर्यंत भात कापलं, आन् आम्ही अर्ध्या दिवसात उठून तिला बुडवू? तुम्ही बोला, आम्ही हाव बसलेले."

सरांनी चंद्रकलाचे हात बघितले. मग कोट काढून खुर्चीला टांगला, पोशीनं दिलेली भाकर तिथंच खाल्ली आन् परत उभे राहिले. तिथल्या जंगलातल्या माणसांच्या जमिनी कशा गेल्या, ते सांगाया लागले. तवा मात्र लोक नुसते ऐकेनात. एक म्हणे आमचं पण असंच झालं, दुसरा म्हणे आम्ही असं भांडलो. सर विचारायचे, लोक सांगायचे. पाखरं झाडावर आली तवा कुठं पोशी गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला, फिटला दिवस."

सर म्हणाले, "साहेब, चर्चासत्र जव्हारलाच. मी मुंबईला सांगतो. बोला, तारीख कोणती?"

साहेबांनी चंद्रकलाकडं बघितलं. तिनं कोणाला विचारलं नाय, वर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पण बघितलं नाय.

"भात झोडून घरात आलं, की मी कळवीन," ती म्हणाली. "तोवर मुंबईवाल्यांना थांबाया सांगा."