बरण्यांचा उपास

शेजारच्या अण्णांचा फोन आला तेव्हा मी तांदूळ धूत होते. "मालती गेली," एवढंच म्हणाले. आम्ही भिंतीला भिंत लागून राहणारे. मी तशीच अनवाणी धावले. धुवणाचं पातेलं मात्र सवयीनं जपून बाजूला ठेवलं... त्यावर तिचा हक्क होता ना.

मालतीताई, अण्णांची बायको, कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. दुष्काळाची वर्षं ती. नळाला आठवड्यानं पाणी, आणि पैठण रोडला चितेगावपर्यंत इमारती मात्र भराभर उठत होत्या. त्यांचं सांडपाणी नाल्यात जाताना बघून हिचा जीव तुटायचा. निवृत्त झाल्यावर तिनं नाल्यातला चिखल आणून लोणच्याच्या बरण्यांत भरला, त्यात कार्बनचं कापड खोवलं, तारा जोडल्या, वरून खरकटं पाणी, तांदळाचं धुवण ओतलं. चिखलातले जिवाणू ते खातात, पाणी निवळतं, आणि खाता खाता ते थोडी वीजही देतात म्हणे. मला कप्पाळ कळलं! पण बरण्यांवरचा इवलासा दिवा थांबून थांबून लुकलुकायला लागला, तेव्हा बाई टाळ्या पिटत होती. अण्णांनी नाकाला रुमाल लावला आणि बरण्यांची रवानगी मागच्या गॅलरीत केली.

एकदा दिवा मंदावला. तिनं दिवसभर तारा सोडल्या, जोडल्या, चूक सापडेना. संध्याकाळी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, तशी ती कपाळावर हात मारून हसत सुटली. एकादशी होती. घरात भात नाही, म्हणून धुवण नाही. "अगं, यांनाही आपण उपास घडवला," म्हणाली. माझ्याकडे पोरांसाठी रोज भात लागतोच. तेव्हापासून ते धुवण तिचं ठरून गेलं.

सगळ्या कॉलनीचं पाणी असं निवळून झाडांना द्यायचं, हा तिचा ध्यास. मीटिंगमध्ये लोक हसले. टँकरमागं हंडे घेऊन धावणारी हीच माणसं! मला अजून संताप येतो. ती मात्र घरी येऊन मुकाट्यानं बरण्यांत पाणी ओतत बसली.

सुतकात त्यांच्याकडं चूल पेटली नाही. पिठलं-भाकरी आम्हीच न्यायचो. रडण्याच्या नादात बरण्या कुणाच्या ध्यानातच राहिल्या नाहीत. एका सकाळी दार वाजलं. अण्णा उभे, हातात रिकामं पातेलं.

"वहिनी, दिवा लई थांबून थांबून लागायलाय. तिच्या मागं त्यांना उपाशी नको ठेवायला. धुवण आहे का?"

मी आत गेले. पातेलं भरून दिलं.

आता ते रोज येतात. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बरण्यांशेजारी बसलेले दिसतात. परवा मी विचारलं, वास नाही का येत?

"येतो ना," म्हणाले. "येऊ दे. तेवढंच घरात कुणीतरी आहे असं वाटतं."