कोण आलं नाही

कासाहून सुटणाऱ्या जीपमध्ये तो तरुण एकदाच माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर बॅग, हातात मोबाइल, आणि अंगठ्याने तो तीच ती नावं वरखाली करत होता.

"निकाल लागला का रे?" मी विचारलं.

"नाही काका. आम्ही वापरतो त्या कॉम्प्युटरच्या भाषेची नवी आवृत्ती आज आली."

ती भाषा कुणा कंपनीची नाही, जगभरातली माणसं घरी बसून फुकट ती घडवतात, असं त्याने सांगितलं. त्यातली एक छोटी चूक त्यानेही दुरुस्त केली होती. नव्या आवृत्तीच्या घोषणेच्या शेवटी हातभार लावणाऱ्या सगळ्यांचे नावानिशी आभार मानले होते, ते तो वाचत होता.

"मग सापडलं तुझं नाव?"

"ते कधीच सापडलं. आमचं काम तपासणाऱ्या एक बाई या वेळी दिसत नाहीत. माझं पहिलं काम त्यांनी कितीदा तरी परत पाठवलं, पण दर वेळी काय चुकलं ते समजावून."

एवढ्या गर्दीत एक नाव नसलं तर काय बिघडलं, असं मी म्हणालो. त्याने मान वर केली.

"आमच्या पाड्यावर कुणाचं घर शाकारायचं असलं की सगळे जातात. मजुरी नसते, जेवण असतं. पण पंगत बसली की म्हातारे आधी कोण आलं नाही ते बघतात. मग कुणीतरी त्याच्या घरी जाऊन येतं."

मग त्याने मोबाइलवर काहीतरी लिहून पाठवलं.

"बऱ्या आहात ना, एवढंच विचारलं," असं म्हणून तो फाट्यावर उतरला.

तो पुन्हा भेटला नाही. जीपमध्ये चढताना मी पूर्वी रिकामी जागा शोधायचो. आता रोजच्यांपैकी कोण नाही, ते आधी बघतो.