पिपची भिंत

अशी कल्पना करा: टाक शाईत बुडवला, बाटलीच्या काठावर हलकेच टेकवला, श्वास रोखला आणि सीगल पक्ष्याचा पंख एका दमात रेखाटला. चुकला तर चुकलाच. आता तोच पंख टॅब्लेटच्या काचेवर काढा. चुकला? दोन बोटं टेकवा, रेष गायब.

मार्लिस होगननं तीस वर्षं पहिलंच केलं. अमेरिकेतल्या डुलुथ बंदराच्या धक्क्यावर घडीच्या खुर्चीत बसून तिनं लोहखनिज वाहणाऱ्या बोटी, बोटींसाठी वर उचलला जाणारा पूल आणि सीगल रेखाटले. दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या तळघरात शाईवाल्या चित्रकारांचं टेबल भरायचं. तिथंच ती एकदा ठणकावून म्हणाली होती, "काचेवर काढतात ते चित्र नव्हे, खेळणं."

मग गेल्या नाताळात बहिणीनं टॅब्लेट दिला. मार्लिसला तो आवडला, आणि तोंडघशी पडायची लाज वाटली. म्हणून तिनं इंटरनेटवर खोट्या नावानं पान उघडलं: पिप. फोटो नाही, वय नाही, गाव नाही.

तिच्या खऱ्या नावाच्या पानावर दोनशे बारा माणसं, त्यांतली निम्मी नात्यातली. पिपकडे आठ महिन्यांत नऊ हजार. रोज सकाळी कॉफी ओतायच्या आधी मार्लिस पिपचं पान उघडायची आणि तिच्या पोटात दुखायला लागायचं. सवत घरात आली होती, आणि आणली होती तिनंच.

त्या गुरुवारी गॉर्डीनं टेबलाच्या मधोमध फोन ठेवला. गॉर्डी म्हणजे बोटीवरचा निवृत्त स्वयंपाकी. नोव्हेंबरच्या चित्रप्रदर्शनासाठी वाचनालयाची भिंत कुणाला द्यायची, हे ठरवणं यंदा त्याच्याकडे होतं.

"ही पिप बघा. आपला पूल काढलाय! भिंत हिला देऊ या."

"आणि माझ्या बोटी?" मार्लिसनं विचारलं.

"तुझ्या दरवर्षी असतातच की गं," शेजारी बसलेली आर्लीन म्हणाली. "भिंतीलाही कंटाळा येत असेल."

"त्या पोरीला पंख जमत नाही. खांद्यापाशी बघ, कोंबडी वाटते."

"पोरगी आहे हे तुला कसं कळलं?" गॉर्डी हसला. "जळतेस तू, मार्लिस! धूर दिसतोय इथून."

मार्लिसनं टाक झटक्यात उचलला. टाकावरून टपोरा थेंब समोरच्या चित्रातल्या बोटीच्या नाकावर पडला. तिनं कागदावर दोन बोटं टेकवली. थेंब तसाच. पुन्हा टेकवली.

आर्लीनची नात टॅब्लेटवर चित्रं काढायची. तिला अशीच दोन बोटं टेकवताना पाहिलेली आर्लीन खुर्चीतून पुढे झुकली. "अगं, कागदाला काय टकटक करतेस? टॅब्लेटसारखं पुसलं जाणाराय का ते?"

मार्लिसची दोन्ही बोटं काळी झाली होती. ती मांडीवर लपवायला गेली, तर पँटही काळी झाली.

गॉर्डीनं फोनकडे पाहिलं, मग त्या बोटांकडे. "तूच? आणि आत्ता कोंबडी कुणाला म्हणालीस?"

"तिलाच," मार्लिस म्हणाली.

सगळे खो खो हसले. आर्लीननं तिला लिंबाच्या वड्यांचा डबा आणि ओला रुमाल एकदमच दिला. "मग प्रश्नच मिटला," गॉर्डी म्हणाला. "भिंत तुलाच. नाव कुठलं लिहू? पिप लिहिलं तर गर्दी होईल."

मार्लिस हसली नाही. तिनं बोटं पुसली, फोल्डरमधून एक जुना कागद काढला आणि फोनशेजारी ठेवला. गेल्या ऑक्टोबरचा, शाईचा. तोच पूल, तेच दोन सीगल, रेलिंगची तीच वाकडी रेष.

गॉर्डीनं चष्मा वर सरकवून कागद आणि फोन आळीपाळीनं पाहिले. "हात एकच आहे," शेवटी तो म्हणाला.

"हा कागद गेल्या वर्षी तीन गुरुवार याच टेबलावर होता, गॉर्डी. तू त्यावर कॉफीचा कप ठेवला होतास. हा बघ डाग." तिनं डागावर बोट ठेवलं. "नाव कुठलंही लिही. फक्त एवढं सांग, मी समोर बसले होते, तेव्हा तुम्हाला हा पूल का नाही दिसला?"